हाडोळ्याचा सातबारा

गेल्या उन्हाळ्यात रातपाळी उरकून मी आणि माझे चुलते मावळात जमीन बघायला गेलो. तात्या नोकरीतून रिटायर झालेले. फंडाचे पैसे हातात. म्हणाले, "सगळा जन्म दहा बाय बाराच्या खोलीत गेला. अकरा गुंठे घेऊ, दोन खोल्या टाकू, चार आंबे लावू." यात वाईट काय? याच मावळात तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचाही बंगला होता. मोकळ्या हवेत बसायची हौस काय ठराविक जातींनीच करायची?

फाटकावर इंग्रजी नावाची कमान. एजंटाने सातबाऱ्याची झेरॉक्स हातात दिली. गिरणीत मी सूत डोळ्यांखालून घालतो तसाच कागदही घालतो. भोगवटादार वर्ग २. आणि 'शेताचे स्थानिक नाव' या रकान्यात एकच शब्द : हाडोळा.

तात्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, आणि खाली दगडावर ठेवला.

शहरात वाढलेल्या मित्रांसाठी सांगतो. गावची मेलेली ढोरं महारांनी ओढून जिथं टाकायची, ती जमीन हाडोळा. हाडकी, हाडोळा ही आपल्या वतनाची नावं. पाटलाचं वतन म्हणजे मान. महाराचं वतन म्हणजे वेसकरकी, सांगावा, सरकारी टपाल, साहेबाच्या घोड्यापुढं धावणं, मढ्याची खबर परगावी नेणं. रात्र नाही, दिवस नाही. मोबदल्यात गावाच्या कडेचा तुकडा आणि बलुत्याच्या भाकरी. भावकी वाढली की त्या तुकड्याच्या चिंध्या. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी पक्की बांधून घातली. एकाच्या नावावर वतन, पण राबायचं सगळ्या महारवाड्याने.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन खालसा केलं आणि जमिनी रयतावा करून दिल्या. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात बिल आणलं. मागणी साधी : ज्याला वतन नको त्याने पूर्ण सारा भरावा, जमीन राखावी, चाकरीतून मोकळं व्हावं. सरकारने ते बिल असं काही कापलं की १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतलं. पुढं तीस वर्षं आपली माणसं धावतच राहिली.

१९५८ साली कनिष्ठ गाव वतनं नष्ट करण्याचा कायदा झाला. इथं नीट लक्ष द्या, कारण आजच्या खरेदीखताची गोम इथंच आहे. कायद्याने जमीन आधी सरकारजमा झाली. मग आकाराच्या काही पट रक्कम भरली की ती वतनदाराला परत, पण नव्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीवाचून आणि नजराणा भरल्यावाचून विकायची नाही, वाटायची नाही. पोटाला महाग असलेल्या माणसाने मुदतीत रक्कम भरायची कुठून? ज्यांनी भरली त्यांना पुढं लग्न आलं, आजारपण आलं, सावकार आला. मग शंभराच्या स्टँपवर विसार, साठेखत, मुखत्यारपत्र. अंगठा उठला, ताबा गेला. सातबाऱ्यावर नाव महाराचं आणि पीक भलत्याचं, असे गट गावोगाव आहेत. २०२५ साली पुण्यात मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाचा व्यवहार गाजला, तेव्हा कुठं शहरातल्या वर्तमानपत्रांनी वतन म्हणजे काय ते विचारलं.

आपल्यातले काही शिकलेले म्हणतात, ही शर्त म्हणजे अपमान, आम्हाला अज्ञान धरलंय. मलाही तसं वाटायचं. आता वाटतं, जे काही गुंठे उरलेत ते त्या शर्तीनेच उरलेत. परवानगीवाचून घेणाऱ्याचं खरेदीखत कच्चं, त्याला सरकार हाकलू शकतं. म्हणून घेणाऱ्याने नुसता आजचा सातबारा बघू नये. फेरफार मागत मागत मागं जावं, १९५८ च्याही मागं. वर्ग १ दिसला तरी तो कधी झाला, नजराणा कुणी भरला, ते विचारावं. आदिवासीची जमीन असेल तर १९७४ चा कायदा आठवावा. तिथं तर हातच घालू नये.

बाकीच्या गोष्टी कुणीही सांगेल. मोजणी करून घ्या. अकरा गुंठे वेगळे तोडून देतो म्हणणाऱ्याला १९४७ चा तुकडेबंदी कायदा विचारा. पाणी उन्हाळ्यात बघा, पावसाळ्यात सगळीकडंच असतं. एजंट म्हणाला, "रस्ता तोंडी आहे, कुणी अडवत नाही." त्याला कोण अडवणार! आपल्याला वाट आणि पाणी दोन्ही कागदावर पाहिजे. महाडचं तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात होता, तरी १९२७ साली डोकी फुटली आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. कागद असून ही तऱ्हा. तोंडी वाटेवर कुणी घर बांधावं?

आणि गंमत बघा. गावापासून लांब घर बांधून राहायचं हा आता पैसेवाल्यांचा शौक. आपण गावाबाहेर होतोच की! पण बाबासाहेबांनी १९४७ च्या निवेदनात वेगळ्या वसाहती मागितल्या त्या हवा खायला नव्हे. पडीक सरकारी जमीन, त्यावर आपली स्वतंत्र गावं, आणि त्यासाठी केंद्राने दरसाल पाच कोटी रुपये. ते झालं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले, ते याच पडीक जमिनीसाठी. आज तसल्याच माळावर कमानी उभ्या राहिल्यात.

तात्यांनी विसार दिला नाही. एजंट म्हणाला, "नाव जुनं आहे हो, मनावर काय घेता?" मग दुसरा प्लॉट दाखवतो म्हणाला, वर्ग १ चा, स्वच्छ. पण त्याने विचारलं, "तुम्ही शेतकरी आहात का?" १९४८ च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. शेतमजुराला मुभा आहे. गिरणीत सूत काढणाऱ्याला, हापिसात फायली उचलणाऱ्याला नाही. घराण्याचा सातबारा आणा म्हणाला.

आमच्या घराण्याला सातबारा असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. पुढच्या सुट्टीला गावी गेलो. तलाठ्याच्या दप्तरात गट सापडला. माळाच्या कडेला, ओढ्याला लागून. वर्ग २. नावं चोवीस, ओळीने. शेवटून तिसरं आज्याचं. आडनाव नाही, नुसतं बापाचं नाव आणि पुढं जात. कसतंय कोण, ते बघायला मी आणि तात्या येत्या रविवारी जाणार आहोत.