फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स (२००६)

दुसऱ्या महायुद्धातील इवो जिमा बेटावरची लढाई आणि तेथे टिपलेले एक छायाचित्र यांवरचा हा अमेरिकन चित्रपट क्लिंट ईस्टवूड यांनी दिग्दर्शित केला. जेम्स ब्रॅडली व रॉन पॉवर्स यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. युद्धपट म्हटला की आपण पराक्रमाची गाथा अपेक्षितो. येथे मात्र नायक म्हणून मिरवले जाणे नकोसे झालेल्या सैनिकांची गोष्ट आहे.

छायाचित्र

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावरील सुरिबाची डोंगरावर सहा अमेरिकन सैनिकांनी ध्वज उभारला. छायाचित्रकार जो रोझेन्थाल यांनी तो क्षण टिपला. तो त्या दिवशीचा दुसरा ध्वज होता. सकाळी लावलेला लहान ध्वज काढून त्या जागी मोठा लावला जात होता. लढाई त्यानंतरही महिनाभर चालली आणि छायाचित्रातील सहांपैकी तिघे त्याच बेटावर पडले. देशात मात्र हे चित्र विजयाची खूण म्हणून घरोघरी पोहोचले.

कथानक

उरलेले तिघे म्हणून सरकारने जॉन ब्रॅडली, रेने गॅन्यन आणि आयरा हेज यांना मायदेशी बोलावले आणि युद्धरोखे विकण्यासाठी गावोगावी फिरवले. युद्धाला पैसा हवा होता आणि त्या मोहिमेतून २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. एका प्रसंगात तिघांना भरल्या स्टेडियममध्ये खोट्या सुरिबाचीवर चढून ध्वज लावायला सांगतात. टाळ्या, फटाके सुरू असताना त्यांच्या डोळ्यांपुढे मेलेले सोबती उभे राहतात. खरे वीर तेच, आम्ही नव्हे, हे त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही.

सर्वांत जास्त चटका लावतो तो आयरा हेज. पिमा या आदिवासी जमातीतला हा तरुण व्यासपीठावर गौरवला जातो आणि त्याच दौऱ्यात एका मद्यालयात जमातीवरून नाकारला जातो. छायाचित्रातल्या एका मृताचे नाव चुकले आहे हे त्याला ठाऊक होते. युद्धानंतर तो मिळेल त्या वाहनाने टेक्सासला गेला आणि हार्लन ब्लॉक या सोबत्याच्या वडिलांना, तो तुमचाच मुलगा होता, असे सांगून आला. १९४७ साली ती चूक अधिकृतपणे सुधारली गेली. हेज १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारला.

चित्रपटानंतर

अमेरिकन मरीन दलाने पुन्हा तपास केला. २०१६ साली जाहीर झाले की छायाचित्रात ब्रॅडली नसून हॅरल्ड शुल्ट्झ होते. २०१९ साली गॅन्यन यांच्या जागी हॅरल्ड केलर यांचे नाव आले. म्हणजे देशभर मिरवलेल्या तिघांपैकी छायाचित्रात प्रत्यक्ष होता तो एकटा हेज. तरीही ब्रॅडली आणि गॅन्यन यांना आपण तोतये म्हणू नये, असे आम्हांला वाटते. दोघेही त्याच बेटावर लढाईत होते आणि वर नेलेला मोठा ध्वज गॅन्यन यांनीच पोहोचवला होता. शुल्ट्झ आणि केलर यांनी आपल्या हयातीत याचा गाजावाजा केला नाही.

जोडचित्रपट

ईस्टवूड यांनी त्याच वर्षी ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ हा चित्रपट काढला. त्यात हीच लढाई जपानी सैनिकांच्या बाजूने दिसते आणि संवाद बहुतांशी जपानी भाषेत आहेत. शक्य झाल्यास दोन्ही लागोपाठ पाहावेत.

पाहण्यापूर्वी

चित्रपट सुमारे सव्वादोन तासांचा आहे. कथा रणांगण, रोख्यांचा दौरा आणि पुढची वर्षे यांत सारखी मागेपुढे जाते, त्यामुळे सुरुवातीची पंधरा मिनिटे लक्ष देऊन पाहावी. लढाईची दृश्ये विदारक आहेत. लहान मुलांना दाखवू नये. घरातील मोठ्या मुलांबरोबर पाहिल्यास, सैनिकाचा सन्मान करताना त्याचे म्हणणे आपण ऐकतो का, यावर जरूर बोलावे.