शब्दांधत्व ते ध्वनिभान

७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ससेक्स परगण्यातील सीफर्ड गावच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १४ वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा चुणचुणीत, खेळात चपळ. गणिताची त्याला आवड. नऊ आकडी संख्या तो चटकन वाचून दाखवी. पण सातव्या वर्षापासून शिकूनही साधे शब्द त्याला वाचता येत नसत. ‘पर्सी’ हे स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरे मागेपुढे होत. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

मॉर्गन यांनी याला जन्मजात ‘शब्दांधत्व’ म्हटले. मेंदूच्या विकारामुळे वाचन गमावलेल्या रुग्णांसाठी जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७७ मध्ये वापरलेली ही संज्ञा. ‘डिस्लेक्सिया’ हे नावही श्टुटगार्टच्या रुडॉल्फ बर्लिन या नेत्रवैद्याचे. पुढे ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद हिन्शेलवुड यांनी शब्दांच्या दृश्य-स्मृतीतच दोष मानला. अमेरिकेत ऑर्टन यांनी १९२५ मध्ये उलटसुलट दिसणाऱ्या अक्षरांच्या गल्लतीवर बोट ठेवले. अशा रीतीने जवळजवळ पाऊण शतक उत्तर नजरेत शोधले गेले.

ही दिशा बदलली ती भाषेच्या अभ्यासकांनी. इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना शब्द ऐकवून त्यातील भागांइतके ठोके द्यायला सांगितले. चार वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांना अवयव, म्हणजे ‘सिलॅबल’, मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही नाही. पहिलीअखेर मात्र ७० टक्के मुलांना ध्वनीही मोजता येत होते. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॅडली व ब्रायंट यांनी दाखवले, की शाळेआधी यमक आणि समान ध्वनी ओळखण्याची जाण पुढच्या वाचनाशी निगडित असते. ध्वनींच्या सरावाला अक्षरांची जोड दिलेली मुले वाचनात अधिक पुढे गेली. श्रवण उत्तम असूनही शब्दातले ध्वनी सुटे करणे अवघड जाऊ शकते, हे यातून स्पष्ट झाले.

तरीही बुद्ध्यंक आणि वाचन यांत मोठी तफावत असेल तरच ‘डिस्लेक्सिया’, हा निकष अनेक वर्षे टिकला. मध्यम बुद्ध्यंकाची मुले त्यामुळे मदतीला मुकली; त्यांचीही अडचण बहुधा ध्वनींचीच होती.

मराठी मुलाला बाराखडीचा आधार असतो. पण ‘कि’मधली वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी येते, ‘अर्क’मधला रफार उच्चारात ‘क’च्या आधी, कागदावर त्याच्या डोक्यावर. ध्वनी सुटे करता न येणाऱ्या मुलाची इथेच दमछाक होते, आणि वहीवर ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडतो. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान मिळाले. वर्गात मात्र आजही पर्सीच्या शिक्षकांसारखी नजर हवी: मुलाला वाचता येत नाही, याचा अर्थ त्याला समजत नाही असा न घेणारी.