हयातीचा दाखला

माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पासपोर्ट फोटोंची एक डबी असते. माझा पहिला लॅपटॉप चेहरा पाहून उघडायचा, याचं मला फार कौतुक होतं. एका संध्याकाळी भाच्यानं डबीतला माझाच फोटो कॅमेऱ्यापुढे धरला आणि लॅपटॉप उघडला! गिऱ्हाइकांचे सातबारे, आधारच्या प्रती, सगळं त्यात होतं. त्या रात्री मी पासवर्डवर परत आलो.

ही खोट सगळीकडचीच होती. २००९ साली ब्लॅक हॅट परिषदेत हनोईच्या संशोधकांनी लेनोवो, आसुस आणि तोशिबाच्या लॅपटॉपांचं चेहऱ्याचं कुलूप नुसत्या फोटोंनी उघडून दाखवलं. ते कॅमेरे चेहऱ्याची ठेवण जुळवायचे. समोर माणूस आहे की कागद, हे त्यांना कळत नव्हतं.

आमच्याकडे, म्हणजे जुनी माणसं अजून ज्याला वाढोणा म्हणतात त्या हिमायतनगरात, हा प्रश्न पेन्शनवाल्यांना पाठ आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा. कोण आहात हे कागद सांगतो. आहात का, हे स्वतः येऊन दाखवावं लागायचं. जुन्या दस्तांवर ‘निशाणी डावा अंगठा’ असायची, आणि बोटांच्या ठशांची वर्गवारी लावणारं कार्यालय कलकत्त्यात १८९७ सालीच उघडलं होतं. नोव्हेंबर २०१४मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय आली, तेव्हा दाखलाही अंगठ्यावर आला. पण जन्मभर कापूस वेचलेल्या बोटांवर रेषा कुठून राहायच्या? मशीनवर चार-चारदा अंगठा दाबून बाया रडकुंडीला येताना मी पाहिल्यात.

लॅपटॉपची खोट २०१५च्या विंडोज हॅलोनं बरीचशी भरून काढली. त्याचा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड स्वतःच टाकतो. त्या उजेडात साधा छापील फोटो चेहऱ्यासारखा दिसत नाही, आणि २०२५पर्यंत लाइट गेली तरी काम अडायचं नाही. चुकून परका माणूस आत शिरण्याचं प्रमाण लाखात एकाहून कमी असावं, अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे. चेहऱ्याची नोंदही त्याच यंत्रात राहते, बाहेर जात नाही. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. तरी पिन ठेवावाच लागतो, आणि तो ठेवावाच.

२०२१च्या नोव्हेंबरपासून हयातीचा दाखलाही मोबाइलवर चेहऱ्यानं निघतो. तिथं मात्र पडताळणी आधारच्या नोंदीशी होते.

गेल्या नोव्हेंबरात शिक्षक नवऱ्याच्या मागे फॅमिली पेन्शन घेणाऱ्या एक मावशी आल्या. मी फोन धरला. “हलू नका, मावशी. आता पापणी मिटा.”

“हलू नको म्हनलास, अन् आता मिट म्हनायलास. कामून?”

“फोटो नाही, माणूस आहे, हे त्याला कळावं म्हणून.”

“म्या जित्ती हाव का, ते बघायलंय व्हय हे?” त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि पापण्या मिटल्या. एकदा नाही, चांगल्या तीनदा.