शेवटच्या वळणावर

लांब पल्ल्याची शर्यत पाहण्यास जमलेल्या लोकसमुदायाचा एक स्वभाव आहे. चोवीस फेऱ्या तो आपसांत बोलत बसतो आणि पंचविसाव्या फेरीची घंटा वाजली कीं ताडकन् उभा राहतो. दहा हजार मीटरांच्या शर्यतीला मैदानाच्या पंचवीस फेऱ्या होतात, पांच हजारांच्या शर्यतीला साडेबारा. एवढ्या श्रमाचा निकाल कधींकधीं शेवटच्या शंभर पावलांत लागतो, आणि जो मागें होता तो पुढें येतो. लोकांच्या स्मरणांत राहतो तो हा पुढें येणारा. आजच्या भाषणांत मी त्याच्याविषयींच बोलणार आहें. परंतु ज्याला त्यानें मागें टाकलें त्याच्याकडेही श्रोत्यांनीं थोडें लक्ष द्यावें, अशी विनंती आहे.

१९४८ सालीं लंडन येथें महायुद्धानंतरचे पहिले ऑलिंपिक सामने भरले. २ ऑगस्ट रोजीं वेम्ब्लेच्या मैदानावर पाऊस पडत होता व राखेच्या धांवपट्टीवर पाणी सांचलें होतें. पांच हजार मीटरांच्या अंतिम शर्यतींत बेल्जमचा गास्तों रेफ सर्वांच्या पुढें होता. त्याच्या मागें हॉलंडचा स्लायखाउस, आणि त्याच्याही बराच मागें चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. झाटोपेकनें तीनच दिवसांपूर्वीं दहा हजारांची शर्यत जिंकली होती. त्याची धांवण्याची ढब विलक्षण होती. मान एका बाजूस कललेली, जीभ बाहेर, हात वेडेवांकडे. चेहरा तर असा, कीं या गृहस्थास वैद्याकडे न्यावें असें पाहणारास वाटावें. तो आतां थकला, असें सर्वांनीं मनाशीं ठरवून टाकलें. आणि शेवटच्या फेरींत तो एकाएकीं सुटला. स्लायखाउस मागें पडला. रेफ आणि तो यांमधलें अंतर प्रत्येक पावलागणिक तुटत गेलें. रेषा आली तेव्हां रेफची वेळ होती १४ मिनिटें १७.६ सेकंद आणि झाटोपेकची १४ मिनिटें १७.८ सेकंद. आणखी दहा यार्ड मैदान असतें तर निकाल फिरला असता. पण मैदान तेवढेंच होतें! पाठलाग करणारानें घाई केव्हां सुरू करावी, हा या शर्यतींतला खरा प्रश्न आहे, आणि त्या दिवशीं झाटोपेकला त्याचें उत्तर दोन दशांश सेकंद उशिरा सांपडलें.

चार वर्षांनीं, १९५२ च्या जुलैंत, हेलसिंकीस त्यानें तें उत्तर पुन्हां दिलें. (याच सामन्यांत आपल्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत ब्राँझपदक मिळवलें, हें महाराष्ट्रीय श्रोत्यांस सांगावयास नकोच.) २४ जुलै रोजीं पांच हजारांची अंतिम शर्यत झाली. शेवटच्या फेरींत झाटोपेक पुढें होता. पण पलीकडच्या बाजूस इंग्लंडचा ख्रिस चॅटवे त्याच्या अंगावरून पुढें गेला, पाठोपाठ जर्मनीचा शाडे, फ्रान्सचा मिमून. म्हणजे पहिला असलेला मनुष्य क्षणांत चौथा झाला. पुष्कळांचा धीर अशा वेळीं खचतो. झाटोपेक शेवटच्या वळणावर बाहेरच्या अंगास आला, तिघांनाही वळसा घालून पुढें गेला, आणि त्याच वळणावर चॅटवेचा पाय कडेला लागून तो कोसळला. झाटोपेक १४ मिनिटें ६.६ सेकंदांत आला. त्याच दिवशीं त्याची पत्नी डाना हिनें भालाफेकींत सुवर्णपदक मिळवलें, आणि तीन दिवसांनीं त्यानें स्वतः, जन्मांत कधींही न धांवलेली मॅरेथॉन शर्यत जिंकली.

हा अखेरचा वेग येतो कोठून? सामान्य समजूत अशी, कीं विजेत्याजवळ कांहीं शक्ति शिल्लक असते व ती तो शेवटीं उधळतो. अर्धे सत्य एवढेंच. उरलेलें अर्धे पाहण्यास कालक्रम सोडून १९७२ सालच्या म्युनिकला जाऊं. आठशें मीटरांच्या अंतिम शर्यतींत डेव्ह वॉटल नांवाचा अमेरिकन तरुण डोक्यावर गोल्फची टोपी घालून धांवत होता, आणि अर्ध्याहून अधिक शर्यत तो सर्वांत मागें होता. शेवटीं एकेकाला मागें टाकीत त्यानें रशियन बाजूच्या अर्झानॉव्हला रेषेवर तीन शतांश सेकंदांनीं गांठलें. लोक म्हणाले, काय हा वेग! आतां आंकडे पाहा. दर दोनशें मीटरांना वॉटलला लागलेले सेकंद असे: २६.४, २६.९, २६.४, २६.२. वेग त्याचा जवळजवळ वाढलाच नाहीं. आरंभीं भरधांव सुटलेले इतर लोक मंदावत गेले. स्थिर उभा असलेला खांब आगगाडींतून धांवतांना दिसावा, तशांतलाच हा दृष्टिभ्रम. विजयाच्या आनंदांत राष्ट्रगीताच्या वेळीं टोपी काढावयासही तो विसरला.

पण टोकियोंत १४ ऑक्टोबर १९६४ रोजीं जें घडलें त्यांत दृष्टिभ्रम नव्हता. दहा हजार मीटरांची शर्यत होती. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, या अंतराचा जागतिक उच्चांक ज्याच्या नांवावर होता तो, जिंकणार हें ठरल्यासारखेंच होतें. एक फेरी जलद, एक सावकाश, अशा रीतीनें त्यानें बहुतेकांना दमवून मागें टाकलें. पण दोघे सुटेनात. एक ट्युनिशियाचा महंमद गमूदी, दुसरा अमेरिकेच्या नौसैनिक दलांतला लेफ्टनंट बिली मिल्स. मिल्स हा लकोटा जमातीचा. दक्षिण डकोटांतील पाइन रिज येथें वाढलेला, बाराव्या वर्षीं पोरका झालेला. या अंतरावरील त्याची सर्वोत्तम वेळ विजयास लागणाऱ्या वेळेहून सुमारें पाऊण मिनिट अधिक होती.

शेवटच्या फेरींत वाट अडली. एक फेरी मागें पडलेले धांवपटू समोर होते; क्लार्क आंत कोंडला गेला व त्यानें वाटेसाठीं मिल्सला बाजूस ढकललें. मिल्स हेलपाटत बाहेर गेला. तोंच गमूदी दोघांच्या मधून घुसून पुढें निघाला. क्लार्क त्याच्या मागें लागला, आणि मिल्सचा हिशेब संपला असें सर्वांस वाटलें. सरळ पट्टी लागली, आणि बाहेरच्या, कमी तुडवलेल्या जागेवरून मिल्स आला. प्रथम क्लार्क, मग गमूदी! वेळ २८ मिनिटें २४.४ सेकंद. एका अधिकाऱ्यानें त्याला नांव विचारलें, तेव्हां आपण फेऱ्या मोजण्यांत चुकलों कीं काय, अशी धास्ती त्याला पडली.

आणि क्लार्क? १९५६ सालीं मेलबर्नची ऑलिंपिक ज्योत याच क्लार्कनें पेटवली होती. पुढें त्यानें डझनाहून अधिक जागतिक उच्चांक केले. पण टोकियोचें तें ब्राँझ हेंच त्याचें एकमेव ऑलिंपिक पदक राहिलें. १९६६ सालीं तो प्रागला धांवावयास गेला. परतीच्या वेळीं झाटोपेक त्याला विमानतळावर पोंचवावयास आला आणि त्यानें एक लहानसें पुडकें त्याच्या हातीं दिलें. यांत कांहीं चोरटें तर नसेल ना, अशी शंका क्लार्कच्या मनांत येऊन गेली. विमान सुटल्यावर त्यानें तें उघडलें. आंत झाटोपेकचें हेलसिंकीच्या दहा हजार मीटरांचें सुवर्णपदक होतें.