पाहिलं कोणी, या आक्षेपाला उत्तर

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत भरलेल्या वैदिक संमेलनाच्या वेळी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचं सांगितलं. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही, कुठे सांगितलेलं नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढलं, त्या खात्याचे तेव्हाचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकारी मंत्र्याला अशी विधानं टाळायला सांगितलं, आणि प्रकरण मिटलं. आक्षेप मात्र मिटला नाही, कारण तो एका मंत्र्याचा नव्हताच. इथे बहरीनमध्येही मनामा आणि रिफातल्या मराठी घरांतून चांगली शिकलीसवरलेली माणसं तो रोज घेतात. पाहिलं कोणी? माकडापासून माणूस झाला, तर माकडं अजून शिल्लक कशी? आणि शेवटचा हुकमी पत्ता: ही तर नुसती थिअरी आहे.

त्यात आणखी एक भर पडली आहे. बहरीनमधल्या सीबीएसई शाळांत एनसीईआरटीची पुस्तकं चालतात. १९५० पासून चालत आलेली इंडियन स्कूल त्यांतलीच. दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा धडा होता. अभ्यासाचा भार हलका करण्याच्या कारणाने त्यातली उत्क्रांती गेली आणि २०२३च्या पुस्तकात फक्त आनुवंशिकता उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला, तरी धडा परतला नाही. म्हणजे जो प्रश्न घरात विचारला जातो, त्याचं उत्तर आता शाळेतही मिळत नाही. हा लेख त्यासाठी.

खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. आक्षेप घेणारे मूर्ख नाहीत. त्यांच्या म्हणण्याचं सगळ्यांत बळकट रूप असं: जे घडताना कोणी पाहिलं नाही, ते घडलं हे ठामपणे सांगता येत नाही. प्राण्यांप्राण्यांत साम्य आहे हे मान्य, पण साम्यावरून नातं सिद्ध होत नाही. घडवणारा एक असेल तर घडणीत साम्य येणारच.

यातला पहिला भाग आपल्याच परंपरेत टिकत नाही. प्रत्यक्ष हेच एकमेव प्रमाण, असं म्हणणारे चार्वाक. नैयायिकांनी त्यांचं खंडन केलं आणि अनुमानाला प्रमाणाचा दर्जा दिला. शेषवत् अनुमानाचं त्यांचं नेहमीचं उदाहरण नदीचं आहे: नदी गढूळ होऊन दुथडी भरून आलेली दिसली की वरच्या अंगाला पाऊस पडून गेला हे कळतं, तो पडताना कोणी पाहिला नसला तरी. पूर्वजांनी लिहून ठेवलं नाही, हा मुद्दाही शब्दप्रमाणात बसत नाही. आप्ताने सांगितलेलं ते शब्दप्रमाण. त्याच्या मौनाला प्रमाण मानावं, असं कोणत्याही दर्शनाने सांगितलेलं नाही. वैदिक संमेलनाच्या मुहूर्तावर चार्वाकाची भूमिका घ्यायची असेल तर ती तशी उघड घ्यावी.

दुसरा भाग जास्त गंभीर आहे. त्याचं उत्तर द्यायला बहरीनइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

बहरीनमध्ये सिकलसेल हा घरोघरी माहीत असलेला आजार आहे. १९८०च्या दशकात इथल्या नवजात बालकांची तपासणी झाली, तेव्हा शंभरात सुमारे दोघांना हा आजार आणि अकराच्या आसपास मुलं वाहक निघाली. पुढे शाळेतल्या मुलांच्या रक्ततपासण्या सुरू झाल्या, २००४च्या कायद्याने लग्नाआधीची तपासणी सक्तीची झाली, आणि आजार घेऊन जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण बरंच खाली आलं. विदर्भातल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडे आणि तिकडे नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द लोकांच्या तोंडी बसले आहेत. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजारी.

दोष एका अक्षराचा आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकात एका ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो, त्यामुळे साखळीतलं सहावं अमायनो आम्ल बदलतं, आणि प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. दोन्ही पालकांकडून हा दोष आला तर आयुष्यभराची दुखणी. इतका घातक दोष टिकला कसा? अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवलं, की ज्याला दोषाची एकच प्रत मिळते त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. बहरीनचा उत्तर भाग गोड्या पाण्याच्या झऱ्यांचा आणि खजुरीच्या बागांचा, मलेरिया तिथे पिढ्यान्‌पिढ्या होता. गोंडवनाच्या जंगलातही होता. जिथे मलेरिया, तिथे वाहक जास्त जगले आणि त्यांची मुलंबाळं जास्त झाली. डार्विनने जिला नैसर्गिक निवड म्हटलं ती हीच, आणि ती माणसांत, मोजून दाखवता येते. ‘पाहिलं कोणी’ याचं एक उत्तर इथेच मिळालं.

खरी गोष्ट पुढे आहे. या बदललेल्या अक्षराच्या आजूबाजूचा मजकूरही तपासता येतो. अकराव्या गुणसूत्रावर त्या जनुकाच्या शेजारी इतर बारीकसारीक फरक असतात. त्यांचा आजाराशी संबंध असो वा नसो, ते जुडीने पिढ्यान्‌पिढ्या एकत्र उतरत जातात. आफ्रिकेत अशा चार ठळक जुड्या सापडल्या: सेनेगल, बेनिन, कॅमेरून आणि बांटू. पाचवी जुडी सापडली ती सौदी अरेबियाच्या पूर्व भागात, बहरीनमध्ये आणि भारतात. तिचं नावच ‘अरब-भारतीय’. या जुडीत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्याच प्रमाणात बनत राहतं, म्हणून आजार बहुधा आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. सलमानिया रुग्णालयातल्या बहुतांश बहरीनी रुग्णांत आणि विदर्भातल्या गोंड किंवा महार कुटुंबातल्या रुग्णात दोष तोच, आणि दोषाच्या शेजारचा मजकूरही तोच. दोघांचा हा तुकडा कुण्या एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. तो पूर्वज कोणी पाहिला नाही, त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, तरी तो होता याबद्दल कोणत्याही रक्तशास्त्रज्ञाला शंका नाही.

‘शास्त्रज्ञांतच एकमत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. कारण या जुडीबद्दल वाद आहेच. १९८६च्या पाहणीने आशियातला हा दोष स्वतंत्रपणे उपजला असं मांडलं, तर २०१८च्या एका जनुकीय अभ्यासाने सगळ्या सिकलसेलचं मूळ सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एकाच माणसात शोधलं. वाद आहे तो मूळ पूर्वज किती जुना आणि कुठला, यावर. बहरीन आणि विदर्भ यांना जोडणारा पूर्वज होता, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. उत्क्रांतीतले बहुतेक वाद याच जातीचे असतात.

ही पद्धत मराठी माणसाला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात याच तत्त्वावर सिद्ध केली. केंब्रिजला गणित शिकलेले विष्णु सीताराम सुकथनकर यांनी शारदा, देवनागरी, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या हस्तलिखितांची वंशावळ मांडली. बरोबर पाठ दोन प्रतींत सारखा असला तर त्यावरून फारसं सिद्ध होत नाही, तो मूळचाच असेल. पण एकच चूक, एकच प्रक्षेप दोन प्रतींत एकाच जागी आला, की त्या एका घराण्यातल्या. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही कथा काही प्रतींत आहे, बऱ्याच प्रतींत नाही, म्हणून सुकथनकरांनी ती संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. लेखनिक ती कथा प्रतीत घालत असताना कोणी पाहिलं होतं? कोणीही नाही. तरी आपण त्या आवृत्तीला शास्त्रशुद्ध मानतो आणि तिचा अभिमान बाळगतो.

आता ‘घडवणारा एक, म्हणून साम्य’ या म्हणण्याकडे येऊ. हात, डोळे, हृदय यांचं साम्य त्याने समजावता येईल. सारख्या चुकांचं काय? बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. आपण बनवू शकत नाही, म्हणून आवळा-लिंबू खावं लागतं आणि जुन्या काळी दर्यावर्दींना स्कर्व्ही व्हायचा. ते बनवणारं जनुक आपल्यात नाही असं नाही. ते आहे, पण मोडकं. चिंपँझी, ओरांगउटान आणि मकाक माकडांतही ते मोडकंच आहे, आणि त्यात एका विशिष्ट ठिकाणी गळालेलं अक्षर या सगळ्यांत एकच आहे. गिनीपिगही हे जीवनसत्त्व बनवू शकत नाही. त्याचं जनुक मात्र वेगळ्या रीतीने मोडलेलं आहे. म्हणजे ‘असं जनुक मोडतं ते एकाच तऱ्हेने’ ही पळवाटही बंद होते.

गुणसूत्रांचंही तेच. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एक असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? १९९१ मध्ये उत्तर मिळालं. गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रात ही टोकाची अक्षरं मधोमध, समोरासमोर तोंडं करून बसलेली सापडली. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळली होती. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक गुणसूत्रबिंदू पुरतो, इथे दुसऱ्याचा निकामी अवशेषही आहे. निर्मात्याची योजना म्हणून ही जोडाजोड समजावता येत नाही, वारसा म्हणून ती ताबडतोब समजते.

माकडं अजून शिल्लक कशी, याला आता वेगळं उत्तर द्यायला नको. महाभारताची दाक्षिणात्य संहिता औदीच्य संहितेपासून निघालेली नाही. दोन्ही एका हरवलेल्या मूळ प्रतीपासून निघाल्या, आणि एक आहे म्हणून दुसरी नसावी असं कोणी म्हणत नाही. माणूस आजच्या चिंपँझीपासून झाला, असं कोणताही जीवशास्त्रज्ञ सांगत नाही. दोघांचा पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक होता, एवढंच तो सांगतो. आणि ‘नुसती थिअरी’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की रोग जंतूंमुळे होतात ही देखील थिअरीच आहे.

रक्त आणि गुणसूत्रं डोळ्यांना दिसत नाहीत अशी कोणाची तक्रार असेल, तर बहरीनच्या समुद्रात पाहावं. हवार बेटांच्या आसपासच्या उथळ पाण्यात समुद्रगवताची कुरणं आहेत आणि त्यांवर डुगाँग, म्हणजे समुद्रगाई, चरतात. ऑस्ट्रेलियाबाहेरचे त्यांचे सगळ्यांत मोठे कळप बहरीनभोवतीच्या याच आखातात आहेत. १९८०च्या दशकात हवाई पाहणीत इथे सहाशेहून अधिक डुगाँगांचा एकच कळप दिसला होता. हा प्राणी मासा नाही. दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला नाकपुड्या पाण्याबाहेर काढतो, पिल्लाला दूध पाजतो. त्याचा कल्ला सोलून पाहिला तर आत दंडाचं एक हाड, पुढच्या हाताची दोन, मनगट आणि पाच बोटं. मागचे पाय नाहीत, पण मांसात रुतलेली कंबरेची दोन लहान हाडं आहेत, ज्यांना पायच जोडलेले नाहीत. माद्यांचे स्तन पुढच्या कल्ल्यांच्या काखेत, जसे हत्तिणीचे पुढच्या पायांच्या मध्ये. नरांना पटाशीच्या दातांचे सुळे, जसे हत्तीला. जनुकं तपासली तेव्हाही जवळचा भाऊबंद हत्तीच निघाला, देवमासा नव्हे.

असा प्राणी जमिनीवरून पाण्यात गेला असेल तर मधल्या पायरीवरचे, पाय असलेले नातलग खडकांत सापडायला हवेत. २००१ मध्ये जमैकातून पेझोसायरनचं वर्णन प्रसिद्ध झालं: सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची, चार पायांवर चालू शकणारी समुद्रगाय. २०२५ च्या अखेरीस बहरीनच्या पलीकडच्या कतार किनाऱ्याजवळ सुमारे २.१ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रगाईची नवी जात नोंदवली गेली आणि सालवाच्या आखातावरून तिचं नाव सालवासायरन ठेवलं गेलं. आजच्या डुगाँगात नसलेली मागच्या पायाची हाडं तिच्यात अजून होती. अनुमान आधी केलं होतं, प्रत्यक्ष नंतर हाती आलं.

दशावतारात हे सगळं आधीच सांगितलंय, असं म्हणणारा एक मवाळ पक्षही आपल्यात आहे. मला तो मान्य नाही. मत्स्याचं पुढे कूर्म होत नाही, कूर्माच्या वंशात वराह जन्मत नाही. प्रत्येक वेळी एकच विष्णू वेगळ्या कार्यासाठी येतो. त्यात वंशपरंपरा नाही, आणि उत्क्रांती म्हणजे वंशपरंपराच. श्रद्धेचा ग्रंथ श्रद्धेसाठी वाचावा, त्यावर जीवशास्त्राचा भार टाकल्याने दोघांचीही हानी होते. टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कापिलसांख्याचं विवेचन करताना डार्विन आणि हेकेल यांच्या मांडणीची गंभीरपणे दखल घेतली. शंभर वर्षांपूर्वी मंडालेच्या तुरुंगात बसून लिहिणाऱ्या माणसाला जे टाळावंसं वाटलं नाही, ते आपण मुलांच्या पुस्तकातून जाऊ देतो, हे मला लागतं.

बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा धडा अजून आहे, पण तो वाचणार जीवशास्त्र घेतलेली मुलंच. वाणिज्य किंवा गणिताकडे जाणारं मूल तो न वाचताच पदवीधर होईल. बहरीनमधल्या आणि भारतातल्याही पालकांना माझं सांगणं एवढंच: एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर तो धडा फुकट उपलब्ध आहे. दहावीची परीक्षा संपली की तो मुलांबरोबर बसून वाचा, आणि तुमचा जो आक्षेप असेल तो त्यांच्यासमोर उघडपणे मांडा.