माळ्यावरचा डबा आणि दारूगोळ्याचा हिशोब

आचारसंहिता लागली की आमच्या पोलीस ठाण्याच्या पडवीत एक ठरलेलं दृश्य दिसतं. गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका मांडीवर घेऊन शेतकरी बसलेले असतात. कोणी एसटीने आलेला, कोणी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून. वीस वर्षं मी या रांगेची बातमी करतोय. 'परवानाधारकांनी शस्त्रे जमा करावीत' या मथळ्याखाली चार ओळी, की झालं.

यंदा रांगेतल्या एका ओळखीच्या काकांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बंदूक दिलंय. पण दारू आणि केपी घराकच असत. तेंचा काय करूचा? घरात किती ठेवलेली चालता?"

(दारू म्हणजे बंदुकीची. गैरसमज नको.)

मला उत्तर देता आलं नाही. पत्रकार माणूस, त्यामुळे 'बघून सांगतो' म्हटलं. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाने मी जरा दचकलोच होतो, कारण तोच प्रश्न माझ्या घरात त्या आठवड्यात एका डब्यात पडून होता. त्या डब्याकडे शेवटी येतो. आधी हा प्रश्न किती जुना आहे ते बघू.

घरात दारूगोळा किती आणि कसा ठेवायचा याचा मराठीत सगळ्यात नीट विचार केलेला सापडतो तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. साल १७१५. किल्ल्यांविषयीचा भाग शाळेत आपण झाडं तोडू नका एवढ्यापुरताच वाचतो. पण त्यात दारूखान्यावर जे लिहिलंय ते एखाद्या सावध घरकर्त्याने लिहावं तसं आहे. दारूखाना राहत्या घराजवळ नको, वाऱ्याच्या झोताखाली नको, सदरेपासून लांब हवा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण. खाली तळघर, त्यात गच्ची जमीन, वर माच आणि माचावर दारूची मडकी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढायचे, ऊन द्यायचं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवायचे.

का? कारण दारू सर्दते. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं ते मिश्रण सह्याद्रीच्या पावसात ओल धरतं आणि मग ऐन वेळी बार फुसका जातो. म्हणजे साठा हा एकदा भरून विसरायचा प्रकारच नव्हता. जेवढा साठा तेवढी राबणूक. जितकी दारू पंधरा दिवसांनी उन्हात घालायला माणसं आहेत, तितकीच ती खरी दारू. बाकीची नुसती आगीची भीती.

आमच्या कोकणातल्या घरांनी हेच गणित आपापल्या परीने सोडवलं होतं, पण उलट्या बाजूने. ठासणीची बंदूक असलेल्या घरात दारू कुठे ठेवायची? जून ते सप्टेंबर ऊन नाही. कोरडी जागा घरात एकच, चुलीवरचा माळा. सुकी मासळी तिथे, बियाण्याची कणसं तिथे आणि त्यांच्याच शेजारी दारूचा डबा. अमात्यांनी हे पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता! माझ्या चुलत आजोबांची डावी भुवई कायमची गेलेली होती आणि हाताची कातडी कोपरापर्यंत चकाकायची. सर्दलेली दारू परातीत घालून चुलीजवळ सुकवत होते. घरात हा किस्सा हसत सांगितला जायचा. त्यांना स्वतःला मात्र मी कधी हसताना पाहिलं नाही.

आता दुसरी बाजू. आज्ञापत्रातला प्रश्न होता आगीचा आणि ओलीचा. दीडशे वर्षांनी प्रश्न बदलला. किती दारू सुरक्षित, याच्याऐवजी किती दारू तुमच्यासारख्याकडे असली तर आम्हाला झोप लागेल, असा झाला.

सप्टेंबर १८५७ मध्ये, उत्तरेत उठाव पेटलेला असताना, कंपनी सरकारने त्या वर्षीचा २८ वा कायदा केला. शस्त्रं आणि दारूगोळा बाळगणं, बनवणं, विकणं यावर सरकारी बंधनं आली. हे दिल्ली-लखनौपुरतं राहिलं नाही. आपल्या शेजारी, तेव्हाच्या दक्षिण मराठा मुलखात, त्याची झळ सगळ्यात आधी बसली ती हलगलीला. हे गाव घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातलं, आज कर्नाटकात आहे. तिथले बेडर हत्यारांवर जगणारे लोक. शिकार, राखण, शिपाईगिरी. त्यांना हत्यारं दाखवा, नोंदवा आणि जमा करा असं सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस फौज आली, गाव जाळलं गेलं आणि डिसेंबरात १९ जणांना फाशी दिलं. त्यातले काही मुधोळच्या बाजाराच्या दिवशी, लोकांनी बघावं म्हणून.

पुढच्या वर्षी नरगुंद. तिथले संस्थानिक भास्करराव भावे, म्हणजे बाबासाहेब. मूल नव्हतं, दत्तकाला सरकारने परवानगी नाकारलेली. तोफा आणि दारूगोळा जमा करा हा तगादा त्यांच्याही मागे होता. २९ मे १८५८ च्या रात्री सुरिबान इथे पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. चार दिवसांच्या आत नरगुंद पडलं आणि १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. दत्तकाचं दुःख मोठं होतंच. पण घरातल्या तोफा मोजायला दुसऱ्याचा माणूस येणं ही काय चीज आहे, हे ज्याच्या घरी जप्ती आलीय त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मग १८६० चा कायदा आणि त्यावर पक्का शिक्का मारणारा १८७८ चा. व्हाइसरॉय लिटन. याच माणसाने त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही कायदा आणला होता. म्हणून आमच्या धंद्यातल्या माणसाने १८७८ विसरू नये. काडतूस आणि छापखाना, दोन्हींचा परवाना एकाच वर्षी एकाच टेबलावर! त्या शस्त्रकायद्यात नुसती बंदूक नव्हती. शिसं, गंधक आणि सोरा यांनाही लष्करी सामानाच्या व्याख्येत ओढायची सोय होती. युरोपियनांना नियमांतून सूट आणि गावच्या पाटलाला परवाना. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. रंग बघून दिलेली सूट जायला १९१९-२० उजाडावं लागलं. पुढे गांधीजींनी, अहिंसेच्या त्या माणसाने, सगळ्या देशाला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत सगळ्यात वरचा धरला होता. हे ऐकलं की आजही लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. तो तुलनेने समजूतदार आहे. त्याच्या १३ व्या कलमात शेतकऱ्याची आठवण ठेवलीय. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली आणि गरज खरी असली, तर परवाना द्यावा. ठासणीची पुरत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची देता येते. आमच्या भागातले बहुतेक परवाने याच वाटेचे. वानर, डुक्कर, साळिंदर. आज मारायलाही वनखात्याची परवानगी लागते, म्हणून बंदूक बहुतेक वेळा आवाज काढायच्याच कामाची. एका रात्री दोन बार हवेत, बस्स.

मग काकांच्या घरी गरजेपेक्षा जास्त दारू का? हे मी रांगेतल्या चार-पाच जणांना विचारलं. कोणीच युद्धाची तयारी करत नव्हतं. सगळ्यांचं उत्तर एकच, पुन्हा कधी मिळेल त्याचा नेम नाही. दुकान लांब, परवान्याच्या वहीत नोंद करून घ्यायची, गेलो त्या दिवशी माल नाही. म्हणून मिळते तेव्हा जास्त घेऊन ठेवायची. रॉकेल रेशनवर होतं तेव्हा आपल्या आयांनी हेच केलं होतं. साठा भीतीने वाढतो असं आपण समजतो. माझ्या मते खेड्यात तो जास्त करून हेलपाट्यांनी वाढतो.

कायद्याचं म्हणणं मात्र साधं आहे. बंदुकीसारखाच दारूगोळाही परवान्यातच बसतो. वहीत एका वेळी जवळ किती आणि वर्षभरात खरेदी किती, असे आकडे लिहिलेले असतात. तोच तुमचा आकडा. शेजाऱ्याचा नाही, वडिलांचा नाही. बंदुकांवर मर्यादा १९८३ मध्ये आली, माणशी तीन. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. त्याच्या बातम्या झाल्या. पण वहीतला दारूगोळ्याचा रकाना कोणी वाचत नाही. काकांची वही मी पाहिली. शाई पुसट होऊन आकडा जवळजवळ गेलेलाच. ते आपल्या वडिलांच्या काळातल्या अंदाजाने ठेवत होते आणि तो अंदाज वहीपेक्षा बराच वरचा होता. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जाते आणि दारू घरी राहते, यातही मला गंमत वाटते. नळी कुलपात, आग माळ्यावर.

इथे कोणी म्हणेल, सरकार तरी आपला साठा धड सांभाळतं का? प्रश्न रास्त आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' जहाज फुटलं. एकाच जहाजात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. शेकडो माणसं गेली. आणि ३१ मे २०१६ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागून १९ जणांचा जीव गेला, आजूबाजूची गावं रातोरात बाहेर काढावी लागली. तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं 'घरापासून लांब' गोदीत कोणाला आठवलं नाही. पण त्यामुळे आपल्या माळ्यावरचा डबा सुरक्षित होत नाही.

तर तो डबा.

वडिलांची ठासणीची एकनळी होती. चार वर्षांपूर्वी वडील गेले. कायद्याप्रमाणे परवानाधारक गेला की वारसांनी हत्यार विनाविलंब जमा करायचं, ते मी केलं. पावती फाइलला आहे. गेल्या महिन्यात कौलं उतरवली, तेव्हा चुलीवरच्या माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत मेणकापडात दारू, केपांच्या दोन डब्या, छर्र्यांची पुरचुंडी. वर वडिलांच्या अक्षरात चिठ्ठी, 'सुकी आहे'.

आठ दिवस मी तो डबा तसाच ठेवला. का, ते सांगता येणार नाही. अक्षरामुळे असेल. एका वकील मित्राने फोनवर सांगितलं, माहीत नसताना घरात सापडलं ही एक गोष्ट, माहीत झाल्यावर ठेवलं ही दुसरी. कोर्ट जाणीवपूर्वक ताबा बघतं. म्हणजे चार वर्षं मी बरा होतो आणि त्या आठ दिवसांत गुन्हेगार! आई रोज त्या डब्याखाली भात शिजवत होती ते वेगळंच. साठ वर्षं शिजवत होती म्हणा.

काकांनी विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ठाण्यात गेलो. अंमलदारांनी झाकण उघडून बघितलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे डबा आत आणू दिला नाही. बाहेर जांभ्याच्या पायरीवर, सावलीत, बिडी ओढणाऱ्यांपासून लांब. (अमात्य खूश झाले असते.) मग पंचाईत अशी की वजन करायला काटा नाही. एक शिपाई समोरच्या किराणा दुकानातून काटा घेऊन आला. दारू ६४० ग्रॅम भरली. केपा आम्ही दोघांनी पायरीवर बसून मोजल्या, ८३. अंमलदार म्हणाले, छर्रे अंदाजे लिहू का? मी म्हटलं, लिहा.

काका तेव्हा तिथेच होते. त्यांनी सगळं पाहिलं, काही बोलले नाहीत. सोमवारी ते पिशवी घेऊन आले. वहीतल्या आकड्याइतकं घरी ठेवून बाकीचं जमा केलं. पावसाळ्यात ती दारू कुठे ठेवणार विचारलं तर म्हणाले, मांगराक. मांगर घरापासून शंभर पावलांवर आहे.

चिठ्ठी मी ठेवून घेतली. पावती वडिलांच्या फाइलला लावली.

घरी आलो तर आईने पहिलं विचारलं, "डबो खंय? चांगलो पत्रो होतो तेचो."