स्टिरिओ संच सुधारताना आधी काय बदलावे?

शहापूर (जि. भंडारा) : जवाहरनगरच्या आयुध निर्माणीजवळील शहापूरसारख्या गावांतून आजही अनेक घरांत दोन स्पीकर आणि ॲम्प्लिफायर असा जुना स्टिरिओ संच जपून ठेवलेला आढळतो. आवाज फाटू लागला की संच भंगारात काढावा की सुधारावा, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा नवा ॲम्प्लिफायर आणला जातो आणि अपेक्षाभंग होतो. कारण सुधारणेचा क्रम उलटा झालेला असतो.

दोन वाहिन्या कशासाठी?

ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात येऊ लागल्या. दोन कानांना किंचित वेगळा आवाज मिळाला की गायक मध्यभागी, तबला एका बाजूस असे चित्र मनात उभे राहते. हे चित्र उभे करण्याचे काम प्रामुख्याने स्पीकर आणि खोली करतात.

पहिली सुधारणा बिनखर्चाची

दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा. स्पीकरचा वरचा, तीव्र स्वरांचा भाग बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर घुमतो. तो भिंतीपासून थोडा पुढे घ्यावा. स्लॅबचे छत आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत आवाज आदळत राहतो. जाड पडदा, सतरंजी किंवा पुस्तकांचे कपाट यांनी मोठा फरक पडतो.

मांडणी तपासण्यास जुने मोनो ध्वनिमुद्रण उत्तम. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज येत असल्याने गायकाचा स्वर नेमका मध्यातून यायला हवा. तो विखुरलेला आणि खर्ज हरवल्यासारखा वाटल्यास एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत, असे समजावे.

नंतर स्पीकर, शेवटी ॲम्प्लिफायर

जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कडा दीड-दोन दशकांत कुजते. विदर्भातील कडक उन्हाळा तिला मानवत नाही. पडदा आणि कॉइल शाबूत असल्यास केवळ कडा बदलून घेता येते. नवे स्पीकर घेताना संवेदनक्षमतेचा आकडा पाहावा. ॲम्प्लिफायरची शक्ती ४० वरून ८० वॉट केली तरी आवाजात केवळ ३ डेसिबलची भर पडते. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतल्यास तोच लाभ जुन्याच ॲम्प्लिफायरवर मिळतो. आवाज दुप्पट वाटण्यासाठी मात्र सुमारे दहापट शक्ती लागते. ८ ओहमसाठी बनविलेल्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर जोडू नयेत. तो तापून निकामी होऊ शकतो.

ॲम्प्लिफायरमधून सतत गुणगुण येत असल्यास आतील जुने कपॅसिटर सुकलेले असण्याची शक्यता असते. ते बदलण्याचा खर्च नव्या संचापेक्षा बराच कमी येतो. बंद संचातही विद्युतभार साठलेला असू शकतो, म्हणून हे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवरही गुणगुण येते. तेथे दोष संचाचा नसतो.

तबकडी आणि मोबाइल

रेकॉर्ड प्लेअरच्या चुंबकीय कार्ट्रिजमधून अवघ्या काही मिलिव्होल्टचा संदेश येतो. नव्या ॲम्प्लिफायरला 'फोनो' जोडणी नसल्यास स्वतंत्र फोनो प्रीॲम्प्लिफायर घ्यावा लागतो. झिजलेली सुई तबकडी कायमची खराब करते, त्यामुळे सुई बदलण्यात हयगय करू नये. मोबाइलवरील संगीतासाठी जुन्याच ॲम्प्लिफायरला लहानसा 'डॅक', म्हणजे अंकीय संदेशाचे ध्वनिसंदेशात रूपांतर करणारे उपकरण, जोडता येतो.

महागड्या तारांचा मोह मात्र टाळावा. चार-पाच मीटर अंतरासाठी दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरेशी असते.

खरेदीसाठी नागपूर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जाण्यापूर्वी आपली नेहमीची तबकडी किंवा सीडी सोबत घ्यावी आणि त्यावरच स्पीकर पारखावेत. दुकानातील दणदणाट घरातील खोलीत तसाच राहत नाही. खोली, स्पीकर, ध्वनिस्रोत आणि मग ॲम्प्लिफायर, हा क्रम पाळल्यास वडिलांच्या काळातील संचही पुन्हा सुरात येऊ शकतो.